फ्लेक्सवरची इंजिनिअर

१ जुलै २०२५, मंगळवार. यवत. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी.

ही डायरी आप्पांना जानेवारीत खताच्या दुकानातून मिळाली होती. सहा महिने कोरी पडून होती. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापलाय. आजचा: झेंडूच्या वाफ्यात पाणी साचू देऊ नये. म्हणजे झेंडूची काळजी करणारी माणसं आहेत. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची कोण करतं? मला चार वर्षांत कुणी एक सल्ला दिला नाही. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, देणार कोण?

म्हणून मी लिहिणार. इंजिनिअरिंग करणाऱ्यांसाठी शंभर सल्ले. दिवाळीपर्यंत पूर्ण. मग पुस्तक.

सल्ला १. पहाटे पाचला उठावं.

(आज पावणेनऊला उठले. पण सल्ला त्यानंतर सुचला.)

३ जुलै

माया गेली. चार वर्षं या खोलीत आम्ही दोघी. शिकली माझ्याबरोबर मेकॅनिकल, लागली पुण्यात सॉफ्टवेअरला. जाताना म्हणाली, दर रविवारी फोन करीन.

तिच्या कॉटवर मी पुस्तकं विषयवार मांडली. आता खोली लायब्ररीसारखी दिसते. घरमालकीण चांगुणामावशी दारातून डोकावल्या. म्हणाल्या, "पोरी, एकटीला दोन कॉटा कशापायी? एक मी करडांना नेती." मी नको म्हटलं. पुस्तकांना लागते.

सल्ला २. एकांताचा सदुपयोग करावा.

दिवसभरात बोललेली वाक्यं: सहा. त्यातली चार कॉटबद्दल.

६ जुलै, रविवार

मायाचा फोन नाही. नवीन नोकरी, घर लावायचं असेल. मीही केला नाही, तिला अडचण नको.

फ्लेक्सबद्दल लिहून ठेवते, पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल. १० जूनला माझा शेवटचा पेपर झाला. १२ जूनला केंदूरच्या स्टँडवर फ्लेक्स लागला: "कु. सुलक्षणा सावळाराम, इंजिनिअर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" माझा फोटो दहावीच्या हॉल तिकिटावरचा. बाकी सगळा फ्लेक्स सुदर्शनभाऊंचा, कानाला मोबाईल लावलेला. ते आमच्या गावचे युवा नेते. मी म्हटलं, भाऊ, निकाल लागायचाय अजून. तर म्हणाले, "आगं ताई, पेपर सपलं म्हंजी झालंच की. झेडपी तोंडावर हाय, निकालापातुर कोण थांबतंय?"

मला प्रसिद्धीची हौस नाही. पण गावातल्या मुलींना प्रेरणा मिळत असेल तर आपण कोण नाही म्हणणार?

१० जुलै. दुपारी ३

निकाल. सगळ्या विषयांत पास.

(हीट ट्रान्सफर सोडून. ३४. पासिंग ४०.)

हा विषय तिसऱ्या वर्षापासून माझ्यासोबत आहे. ही तिसरी खेप. पेपर उत्तम गेला होता, त्यामुळे चूक तपासणाऱ्याचीच. रिव्हॅल्युएशनला टाकला. महिनाभरात ३४ चे ५४ होतील. घरी तेव्हाच सांगेन. अर्धवट माहिती देऊन घरच्यांना गोंधळात टाकण्यात अर्थ नाही.

कॉलेज पालकांच्या नंबरवरही निकालाचा मेसेज टाकतं. ही वाईट पद्धत आहे. पहिल्या वर्षी फॉर्मवर मी भोळेपणाने आप्पांचा खरा नंबर लिहिला. पण मेसेज इंग्रजीत असतो, आणि आप्पांचा फोन म्हणजे बॅटरी आणि फुलांचा बाजारभाव. आकडे तेवढे कळतात त्यांना.

सल्ला ३. निकालाने खचू नये. (मी खचलेले नाही. दुपारी झोपले ती दमल्यामुळे.)

१४ जुलै

आईचा फोन. फ्लेक्स पडला म्हणाली. रात्रीत वाऱ्याने. स्टँडवरचे बाकीचे तीन वाढदिवसांचे फ्लेक्स जागच्या जागी आहेत. वारा विचित्रच.

आईने विचारलं, मग आता तिथं काय करतीस? मी म्हटलं, एका प्रोजेक्टवर काम चालू आहे. हे शंभर टक्के खरं आहे, सल्ल्यांचा प्रोजेक्ट. आईने मागे वळून कुणाला तरी सांगितलं, "कंपनीत हाय, प्रोजेक्टवर." मी खोटं बोलले नाही. आईचं वाक्य दुरुस्त केलं नाही, इतकंच.

मग फोन आप्पांनी घेतला. ते फोनवर कधी बोलत नाहीत.  मग म्हणाले, "जेवलीस का?" हो म्हटलं. (बिस्किटं.)

२१ जुलै

डिजिटल सर्व्हिसेस क्षेत्रात रुजू झाले. म्हणजे हायवेवरच्या दुकानात, ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्स. दुपारी बारा ते सहा. मालक म्हणाले, इंजिनेर हाय तर मशिनला कागद अडकल्यावर काढता येत असंल? मी म्हटलं, तत्त्व समजलेलं आहे.

सध्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस. पालक मुलांना घेऊन कॉलेजांचे पर्याय भरायला येतात. माझ्यासाठी याहून चांगली जागा नाही. आज पाटसहून आलेल्या एका काकांना आणि त्यांच्या मुलीला मेकॅनिकल शाखेचं महत्त्व समजावलं. वीस मिनिटं. काका शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ताई, सगळं बराबर हाय. तेवढं आधारचं झेरॉक्स मारा, आमची गाडी हाय."

मुलीने कॉम्प्युटर भरलं.

सल्ला ७. शाखा निवडताना अनुभवी व्यक्तीचा सल्ला घ्यावा.

कागद अडकला. मालकांनीच काढला.

२७ जुलै, रविवार

आप्पा आले! न सांगता. शिक्रापूर, चौफुला, तीन गाड्या बदलून, बाजरीच्या पिठाची पिशवी घेऊन. खुरपणीच्या दिवसांत कधी मळा न सोडणारा माणूस. मायाच्या कॉटच्या कडेला बसले, पुस्तकांना धक्का लागू नये अशा बेताने. हीट ट्रान्सफरचं पुस्तक सगळ्यात वर होतं. हातात घेऊन पालथं केलं, वजन बघितलं. विचारलं, "ह्ये जाडं कशाचं?" कंपनीचं मॅन्युअल, मी म्हटलं. पुस्तकाने अडचण केली, नाहीतर मी असं म्हणाले नसते.

आप्पा म्हणाले, "बरं. नीट वाच."  जाताना पुन्हा, जेवलीस का. हो म्हटलं. अकरा वाजले होते, तसं खोटंही नाही. काल जेवले होते.

स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि परत आत घेतला. टाटा करायची त्यांना सवय नाही.

वाक्यं मोजली नाहीत.

४ ऑगस्ट

मोठं पाऊल. गावातल्या मुलांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप: "उद्याचे इंजिनिअर". ३८ सदस्य. रोज सकाळी सात वाजता एक सल्ला, संपले की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याच सल्ल्याला अंगठा आला! सुदर्शनभाऊंचा. ते सगळ्याच ग्रुपमध्ये सगळ्यालाच अंगठा देतात, पण सुरुवात झाली.

११ ऑगस्ट

आठ सल्ले, आठ अंगठे, एकच हात.

मुलं वाचत असणार. वाचणारा माणूस बोलत नाही. मीही नाही बोलत.

१३ ऑगस्ट

प्रश्न आला! आमच्याच मळ्यापलीकडची धनश्री, बाळासो तात्यांची. एक वर्ष झालं इंजिनिअरिंगला, दुसऱ्यात गेलीय, पण पहिल्या वर्षाचं गणित राहिलंय. तिने वेगळा मेसेज केला: ताई, एम-वन कसं काढायचं? इंटिग्रेशन डोक्यात बसत नाही.

तिला चौदा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. वेळापत्रक, सकारात्मकता, पाण्याचं प्रमाण. इंटिग्रेशनवर वेळ कमी पडला.

तिचं उत्तर: धन्यवाद ताई. पुढे लिहिलं होतं, तुम्ही जेवलात का? वेळ दुपारी चारची होती. गावाकडच्यांना दुसरा विषय सुचत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

मायाचा मेसेज. गौरीच्या आरतीचे फोटो, नवीन मैत्रिणी. खाली: रिव्हॅलचं काय झालं? डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरून टाक यार, रिस्क नको.

मायाचा माझ्यावर विश्वास नाही, हे चार वर्षांनी कळलं. फॉर्म भरणं म्हणजे पराभव आधीच मान्य करणं.

सल्ला १४. आत्मविश्वास ढळू देऊ नये.

तिला लिहिलं, मिस यू. तीन दिवसांनी उत्तर येईल, तिची पद्धत आहे.

१० सप्टेंबर

गावच्या शाळेतून मुख्याध्यापक सरांचा फोन. १५ तारखेला अभियंता दिन. माझा सत्कार, आणि "इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना सल्ला" या विषयावर भाषण! पालकही येणार. मी म्हटलं, सर, मी अजून लहान आहे. सर म्हणाले, मग दुसरं कुणी आहे का तुमच्या माहितीत? मी लगेच हो म्हटलं, म्हणजे यायला.

आप्पांना फोन केला, जुना फ्लेक्स स्टेजच्या मागे लावू. आप्पा म्हणाले, "त्यो काय घावंना." आईला विचारलं, तिलाही घावंना. शेवटी सुदर्शनभाऊ म्हणाले, टेन्शन घेऊ नका, नवा काढतो.

आप्पांनी विचारलं, "जायालाच पायजे का?" ते बुजरे आहेत.

१५ सप्टेंबर, सोमवार. केंदूर. संध्याकाळी

यशस्वी!!

हॉल भरला होता. नव्या फ्लेक्सवर माझा फोटो अंगठ्याएवढा, पण आहे. शाल, नारळ, पेढा. आई पहिल्या रांगेत, आप्पा दाराजवळ उभे. बसा म्हटलं तरी बसेनात.

पंचवीस मिनिटं बोलले. पहाटे पाचला उठा, इथे आईला खोकला आला. शेवटी प्रश्नोत्तरं. कुणी हात वर करेना. मग मागून धनश्री उठली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, एखादा विषय राहिला तर काय करायचं असतं? तुम्ही सांगा ना."

 मग उत्तर आपोआप आलं. मी म्हटलं, खरा इंजिनिअर एकही विषय मागे ठेवत नाही. विषय राहिला की ओळखावं, ही लाईन आपली नाही.

टाळ्या. बाळासो तात्या तर उभं राहून वाजवत होते. धनश्री वाजवत नव्हती. हातात वही असेल.

मागे वळून बघितलं तर आप्पा दारात नव्हते. गाईंना पाणी दाखवायची वेळ झाली होती.

२३ सप्टेंबर. यवत

रिव्हॅल्युएशन. ३४. शेरा: बदल नाही.

दुसऱ्या तपासणाऱ्याचीही तीच चूक. दोन माणसं स्वतंत्रपणे सारखीच चूक करतात, याला काय म्हणावं?

चांगुणामावशींना सांगावंसं वाटलं. त्या लसूण निवडत होत्या. मी म्हटलं, मावशी, एक सांगायचंय. त्या म्हणाल्या, "सांग की." मी म्हटलं, नळाला पाणी कमी येतंय.

दुपारी बघितलं, धनश्री ग्रुपमधून बाहेर पडलीय. काही न लिहिता. आता ३७.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. केंदूर

दोन दिवस घरी. मळ्यात झेंडूची तोडणी झाली, काल दिवसभर वाडग्यात, म्हणजे गोठ्यापुढच्या अंगणात, फुलं निवडत होतो. आप्पांनी मोठा पांढरा जाड कागद अंथरला होता, नवीन आणलेला दिसतोय. त्यावर पिवळा ढीग, लाल ढीग, आणि मध्ये मांडी घालून मी. आई म्हणाली, कंपनीत पण बसायला मिळतं का गं असं? मी म्हटलं, खुर्ची असते. (झेरॉक्सच्या दुकानात स्टूल आहे.)

फुलांत बसलं की डोक्यात काही येत नाही. सल्ला सुचला नाही. चालेल.

३ ऑक्टोबर. सकाळी

बाळासो तात्या रस्त्यात भेटले. गाडी थांबवून उतरले. माझ्यासमोर त्यांनी हात जोडले. म्हणाले, "पोरी, तू त्या दिशी माईकवर बोललीस आन् माझं डोळं उघडलं. आमच्या धनीचा गनिताचा विषय राह्यलाय. मी म्हनायचो, निघंल पुढच्या टायमाला. तू सांगितल्यावर कळलं, ही लाईन तिची न्हाई. कालेज बंद केलं बघ. दिवाळी झाली की पावनं बघतो."

मी म्हटलं, पण तात्या. ते म्हणाले, "न्हाई न्हाई, तू बरं केलंस. शिकल्याली मानसं खरं बोलत्यात."

गाडी निघून गेली.

३ ऑक्टोबर. संध्याकाळी, यवत

डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख २४ ऑक्टोबर. तोपर्यंत धनश्रीचा फॉर्म गेला नाही, तर तिचं सुटलंच. दुकानात रोज दहा फॉर्म मीच भरते, तारीख मला पाठ आहे.

तात्यांना सांगितलं पाहिजे, की विषय राहतात. चांगल्या मुलींचे राहतात. उदाहरण द्यावं लागेल.

उदाहरण कुणाचं द्यावं यावर विचार चालू आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

मायाचं उदाहरण द्यावं असं ठरवलं. मायाचा एकही विषय कधी राहिला नाही, पण तात्या तिला ओळखत नाहीत.

मग वाटलं, शंभर सल्ल्यांचं पुस्तक लिहिणाऱ्या व्यक्तीने हे करू नये.

९ ऑक्टोबर

फोनवर सांगायचं ठरवलं. रेंज होती. फोन चार्ज होता. तात्यांचा नंबर लागलाही. ते म्हणाले, "बोल पोरी." मी म्हटलं, दिवाळीच्या शुभेच्छा. ते म्हणाले, आजून दहा-बारा दिस हायेत की. मी म्हटलं, ॲडव्हान्समध्ये.

१४ ऑक्टोबर

ताप. थर्मामीटरमध्ये दिसत नाही, आतून आहे.

डायरीच्या तळाशी आजचा सल्ला: कीड दिसताच फवारणी करावी, उशीर झाल्यास खर्च वाढतो. हे लोक फारच स्पष्ट लिहितात.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा. केंदूर

गेले. दुपारी बारा वाजता, कारण सकाळी अकरापर्यंत गेले नाही.

तात्या पडवीत बसून दोर वळत होते. तीन मुद्दे पाठ करून गेले होते: शिक्षणाचं महत्त्व, मुलींचं स्वावलंबन, परीक्षा पद्धतीतील दोष. पहिला मुद्दा सुरू केला आणि मध्येच तोंडातून निघालं, तात्या, माझा पण विषय राहिलाय. तिसऱ्या वर्षापासून. मी इंजिनिअर झालेली नाही.

दोर थांबला. तात्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "आगं ऐकलं का, सावळारामाची इंजिनेर बी नापास हाय!" काकू हाताचं पीठ घेऊनच बाहेर आल्या. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग त्या दिशी एवढं त्वांड वर करून काय सांगत हुतीस गं? ही लाईन न्हाई आन् ती लाईन न्हाई. मी टाळ्या वाजवल्या की तुला!" मी म्हटलं, चुकलं. म्हणाले, "चुकलं म्हनं. माझी पोरगी म्हैना झाला शेन काढतीया." काकू म्हणाल्या, शेण काय, ते तर ती आधीपासून काढतीच की, तुम्ही कवा काढलं?

मग तात्या थोडं हसले. दोराला पुन्हा एक पीळ घातला. म्हणाले, "चार वर्सं शिकून तुझा राहतो. मंग हिचा एका वर्साचा राह्यला तर काय नवाल." आणि आत बघून ओरडले, "धने, कागदं काढ तुझी."

पडवीतच मोबाईलवर धनश्रीचा फॉर्म भरला. रोजचं काम, सहा मिनिटं लागली. ती शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आता तुमचा भरा." मी म्हटलं, खोलीवर जाऊन भरते. ती उठेना. तिच्यासमोर माझाही भरला.

मग ती म्हणाली, "ताई, मला जुलैपासनं म्हायती हाय."

जुलैत आप्पा तिच्याकडेच गेले होते, निकालाचा मेसेज वाचून घ्यायला. गावात इंग्रजी वाचणारे पुष्कळ आहेत, पण इंजिनिअरिंगचं तिलाच कळेल म्हणून. तिने वाचून दाखवला. आप्पा म्हणाले, कुणाला बोलू नगं. ती कुणालाच बोलली नाही. महिनाभर वडील माझं नाव घेऊन तिला ऐकवत होते, तेव्हाही नाही. एक वाक्य बोलली असती तरी सुटली असती.

मी विचारलं, मग त्या दिवशी भाषणात तो प्रश्न कशाला विचारलास? म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला सांगायचं आसंल. कुनी विचारल्याबिगर कसं सांगनार."

घरी आले. वाडग्यात पांढरा कागद अंथरलेला होता, त्यावर कांदा वाळत घातलेला. एक कोपरा उचलून उलटा केला. माझाच दहावीचा फोटो, कपाळावर झेंडूचा पिवळा डाग. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिवसभर मी स्वतःवर बसले होते.

आप्पा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "वाऱ्यानं कुठला पडतोय. म्याच काढला." मग पायाने कोपरा सरळ केला. म्हणाले, "कागद लय जाड हाय. सुदर्शननं काम चांगलं केलंय."



३ नोव्हेंबर. यवत

नवा उपक्रम. रोज संध्याकाळी सात ते नऊ धनश्रीचा फोन. स्पीकरवर टाकून मायाच्या कॉटवर ठेवते. बोलायचं नाही, आपापला अभ्यास. तिकडून पान उलटल्याचा आवाज येतो, मध्येच गाय हंबरते, काकू विचारतात पोळी करू का भाकरी. मी इकडे हीट ट्रान्सफर.

मार्गदर्शक या नात्याने तिचं एक इंटिग्रेशन सोडवायला घेतलं. पाऊण तास. ते पहिल्या वर्षाचं आहे, इतकं मागचं लक्षात राहत नाही. तिनेच सोडवून समजावलं. मला समजलं. मग माझ्या पुस्तकातलं एक समीकरण अचानक ओळखीचं वाटलं.

सल्ल्यांचा आढावा: शंभरपैकी तेवीस झाले. ग्रुपवर टाकणं बंद केलंय. सुदर्शनभाऊंनी शेवटच्या जुन्या सल्ल्यालाच पुन्हा अंगठा दिला.

२ डिसेंबर, मंगळवार. दुपारी २

पेपर झाला. अप्रतिम. सगळे प्रश्न सोडवले. एक गणित अर्धं राहिलं, पण पद्धत बरोबर असल्याने पूर्ण मार्क मिळतील. किमान ६५. डिस्टिंक्शनही शक्य.

निकालानंतरचं नियोजन: (१) नोकरी, (२) पुस्तक, (३) गावात अभ्यासिका, (४) मायाला जेवायला बोलावणं.

१२ डिसेंबर

धनश्रीचाही पेपर झाला. म्हणाली, निघंल वाटतंय. तिचं दुसऱ्या वर्षाचं कॉलेज पुन्हा सुरू आहे, सकाळी सहाला गाडी, संध्याकाळी सातला घरी. त्यामुळे फोन बंद. तिने विचारलं होतं, ठेवू का चालू? मी म्हटलं, नको, तू दमतेस.

सात वाजता मी फोन कॉटवर ठेवला. सवयीने.

३१ डिसेंबर

डायरीची तारखांची पानं संपली. मायाचा मेसेज: हॅपी न्यू इयर, माझ्यासह दोनशे जणांना पाठवलेला. मला मिळाला, हे महत्त्वाचं.

मावशींना कॉट दिली. करडं छान बसतात.

२९ जानेवारी २०२६, गुरुवार. (मागच्या पानावर, खतांच्या तक्त्याखाली.) दुपारी २.३०

निकाल.

धनश्री, एम-वन: ५७. तिचा आधी मेसेज आला, मग फोन. रडत होती. मागे तात्या कुणाला तरी मोठ्याने सांगत होते, "काढला, काढला!" मी म्हटलं, शाब्बास. तिने विचारलं, ताई, तुमचं? मी म्हटलं, साईट उघडत नाहीये.

साईट उघडली होती. ३८.

दुकानातून लवकर आले. पुस्तक खाटेखाली ठेवलं. परत काढलं. पुढची परीक्षा मे महिन्यात. पाचला उठायचं जमत नाही. साडेसहाला जमतं, नोव्हेंबरात तीनदा जमलं होतं.

पावणेदोनला आप्पांचा फोन. म्हणाले, मेसेज आलाय. मी विचारलं, वाचला कुणी? म्हणाले, "कुनाकडं न्येला न्हाई. आकडा मला कळतोय की. चवतीस व्हता, आता अडतीस. चढतोय भाव."

मी म्हटलं, आप्पा, चाळीस लागतात.

"व्हय. म्हायती हाय."

 मागे आई काहीतरी विचारत होती, ते तिला गप म्हणाले. मग म्हणाले, जेवलीस का?

मी म्हटलं, नाही.